फ्लॅग मीटिंग म्हणजे नेमकं काय? (बांगलादेश सीमेवरच्या आठवणी, थोडं लांबलंय)

कृष्णाकाठचा · रविवार, रात्री ९:४०

परवा एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं, "दोन देशांच्या पोलिसांनी एकमेकांना नुसता एक फोन केला तरी निम्मे गुन्हेगार आठवड्यात आत जातील." त्यावर प्रतिसाद लिहायला बसलो, तो मारुतीच्या शेपटासारखा वाढला, म्हणून वेगळा धागा. मोबाइलवर लिहितोय, शुद्धलेखन पोटात घाला.

मी सीमा सुरक्षा दलातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. गाव कराडजवळ. गावात सगळे मला 'सुभेदार'च म्हणतात. बीएसएफ म्हणजे लष्कर नव्हे, गृहखात्याखालचं दल आहे, हे सांगून सांगून दमलो; आता हाक आली की ओ देतो. नोकरीतली नऊ-दहा वर्षं बांगलादेश सीमेवर गेली, त्यातली जास्त नदिया जिल्ह्यात. बांगलादेशाशी आपली सीमा ४०९६ किलोमीटरची, त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या पश्चिम बंगालात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. तारेचं कुंपण म्हणजे सीमा नव्हे. १९७५ साली दोन्ही देशांनी सीमेवरच्या दलांसाठी नियम ठरवले. शून्य रेषेपासून दीडशे यार्डांत कोणीही संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही, हा त्यातला एक. म्हणून आपलं कुंपण बहुतेक ठिकाणी तेवढं आत सरकलेलं असतं. मधली जमीन आपलीच. तिथे आपल्या लोकांची भातं, ताग, केळी, कुठे कुठे अख्ख्या वाड्या. सकाळी गेट उघडतं, शेतकरी ओळखपत्र जमा करून पलीकडे जातो, संध्याकाळी ते घेऊन परततो. आणि खुद्द शून्य रेषेवर? सिमेंटचा एक खांब. पुढचा खांब दिसला तर दिसला. ताग पुरुषभर वाढला की आत शिरलेला माणूस कुठल्या देशात आहे हे त्याचं त्यालाच कळत नाही.

आता फ्लॅग मीटिंग, म्हणजे दोन्हीकडच्या सीमा दलांची रेषेवरची बैठक. नाव झोकदार आहे, पण बहुतेक वेळा ती चार खुर्च्या आणि एका टेबलाची असते. टेबल बरोबर रेषेवर. आमच्या पोरांना हौस अशी की खांबांची सरळ रेघ टेबलाच्या मधोमध आली पाहिजे. खालच्या पातळीवर कंपनी कमांडर बसतात, त्यावर बटालियन, मग सेक्टर, मग फ्रंटियर, आणि वर्षातून दोनदा दोन्हीकडचे महासंचालक, एकदा दिल्लीत एकदा ढाक्यात. वर्तमानपत्रात येते ती शेवटची. कामं होतात ती पहिलीत.

विषय काय असतात? चुकून पलीकडे गेलेला वेडसर माणूस. चोरीला गेलेलं डिझेल इंजिन. कोणाच्या गुराने कोणाचं पीक खाल्लं. रात्री कोणी गोळी चालवली आणि का. पकडलेली पोरं परत द्यायची असली की दोन्हीकडचे लोक कागदावर सही करतात, 'दिला-घेतला'.

एक प्रसंग सांगतो. कुंपणापलीकडच्या आपल्या एका वाडीत एक म्हातारी गेली. तिची लेक फाळणीनंतरच्या कुठल्याशा नात्यात पलीकडे दिलेली, गाव असेल दोन कोसांवर. व्हिसा काढून यायचं म्हणजे आठवडे. सरपंच आमच्याकडे आला. आमच्या कंपनी कमांडरसाहेबांनी पलीकडच्या चौकीला निरोप धाडला. दुपारी तिरडी शून्य रेषेच्या अलीकडे आणून ठेवली, लेक पलीकडून आली, खांबाशी बसली. दहा मिनिटं. त्यांचा सुभेदार आणि मी, दोघेही पाठ करून उभे. ती उठली, मला म्हणाली, "दादा, मायेर पाये हात देबो?" पायाला हात लावायचा तर एक पाऊल भारतात टाकावं लागणार. मी सुभेदाराकडे पाहिलं, तो तागाकडे बघत होता. मीही तागाकडे पाहिलं.

तर फोनबद्दल. फोन होतो हो. रोज होतो. पण गोम अशी की तो फोन करणारे आम्ही दोघेही 'पोलीस' नाही. आम्ही पकडतो, माल जप्त करतो आणि जवळच्या ठाण्यात सोपवतो. गुन्हा नोंदवणं, तपास, आरोपपत्र हे सगळं राज्य पोलिसांचं काम. पलीकडेही तेच, त्यांचं दल पकडतं आणि ठाण्याला देतं. म्हणजे एका चोरामागे चार यंत्रणा. त्यातल्या मधल्या दोघांचं, म्हणजे दोन्ही सीमा दलांचं, एकमेकांशी बरं जमतं. बाकी जोड्यांबद्दल मी न बोललेलं बरं.

पुढचं सुचेल तसं प्रतिसादांत लिहीन.

तिरकस · रविवार, रात्री १०:०५

काका, दंडवत. तागाकडे बघण्याला सहकार्य करार म्हणतात हे आज कळलं.

अवांतर: आमच्याकडे निपाणी ओलांडली की पोलीस गाडीतले लोक आपसूक कानडी हेल काढतात, तेवढंच आंतरराज्य सहकार्य मला माहीत आहे.

विधिज्ञ_नागपूर · रविवार, रात्री १०:३१

तिरकसराव, तुमच्या निपाणीचं सोपं आहे. विनावॉरंट अटक करता येईल अशा माणसाचा पाठलाग करत पोलिसाला भारतात कुठेही जाता येतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. स्थानिक ठाण्याला कळवायचं, ट्रान्झिट रिमांड (आरोपीला आपल्याकडे न्यायची कोर्टाची परवानगी) घ्यायचा, झालं. देशाची सीमा आली की हेच पाऊल घुसखोरी ठरतं. पोलिसाचा अधिकार त्याच्या कायद्याबरोबर संपतो, आणि कायदा खांबाशी संपतो.

बांगलादेशापुरतं सांगतो. जानेवारी २०१०ला शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा तीन करार झाले: फौजदारी बाबींत परस्पर कायदेशीर मदत, शिक्षा झालेल्या कैद्यांचं हस्तांतरण, आणि दहशतवाद व संघटित गुन्हेगारीविरुद्धचा. प्रत्यार्पणाचा करार त्यानंतर, २८ जानेवारी २०१३ला ढाक्यात. आपल्या बाजूने सही कोणाची? सोलापूरच्या सुशीलकुमार शिंद्यांची, तेव्हा गृहमंत्री होते. एके काळी फौजदार असलेल्या माणसाने तो करार करावा हे मला नेहमी शोभून दिसतं. २०१६ साली त्यात दुरुस्ती झाली. आधी आरोपीविरुद्धचा पुरावा जोडावा लागे. आता मागणाऱ्या देशातल्या सक्षम न्यायालयाचं अटक वॉरंट पुरतं.

शंकासुर · रविवार, रात्री १०:५०

करार झाला २०१३ला. आणि उल्फा या आसामातल्या फुटीर संघटनेचा अनुप चेतिया १९९७पासून बांगलादेशात अटकेत होता, तो आपल्याला मिळाला नोव्हेंबर २०१५मध्ये. लगेच एक-दोन दिवसांत बांगलादेशातल्या नारायणगंजच्या सात खुनांतला मुख्य आरोपी नूर हुसेन, जो कोलकात्यात पकडला गेला होता, तो बेनापोलच्या सीमा नाक्यावर त्यांच्या हवाली झाला. तारखा शेजारी ठेवून बघा. याला कायदा म्हणायचं की दिवाळीचा फराळ, तुम्ही चकल्या द्या आम्ही अनारसे देतो?

आणि खुद्द हसीनाबाई ऑगस्ट २०२४पासून इथे आहेत, त्यांच्याच काळातल्या कराराखाली ढाका त्यांनाच मागतंय, त्याचं काय?

विधिज्ञ_नागपूर · रविवार, रात्री ११:०२

फराळच म्हणा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रत्यार्पण हा जितका न्यायालयाचा विषय तितकाच सरकारच्या मर्जीचा असतो, जगात सगळीकडे. करारात राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्याला नकार देण्याची सोय आहे, आणि खून हा राजकीय गुन्हा मानायचा नाही हेही लिहिलेलं आहे. या दोन वाक्यांत वकिलांच्या दोन पिढ्या पोसल्या जातील.

संपादक · सोमवार, सकाळी ७:१५

हसीना प्रकरणावर वेगळे धागे आहेत, कृपया तिकडे. या धाग्याचा काश्मीर होऊ देऊ नका.

मासतटकर · सोमवार, दुपारी १:२०

काका, छान धागा. वाचनखूण साठवली आहे.

मी मास्ट्रिख्टला राहतो, नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला. घरातून सायकलवर निघालं की अर्ध्या तासात बेल्जियम, थोडं जास्त दमलं तर जर्मनी. इथे सीमेवर तुमच्यासारखा खांब असतो, त्यावर कुत्री काम उरकतात. १९९०च्या शेंगेन (युरोपातल्या देशांनी आपसांतली सीमा तपासणी काढून टाकली तो) अंमलबजावणी करारात कलम ४१ आहे, गरम पाठलागाचं. चोर डोळ्यांदेखत गुन्हा करून किंवा कोठडीतून पळाला आणि पलीकडच्यांना आधी कळवायला वेळ नाही, तर पोलीस मागे लागून सीमा ओलांडू शकतात. अटी मात्र बघा: ओलांडताना तरी कळवायचंच, गणवेश किंवा दंडपट्टी हवी, कोणाच्या घरात शिरायचं नाही, पिस्तूल जवळ ठेवा पण स्वसंरक्षणाशिवाय वापरू नका, आणि फक्त जमिनीवरून.

आता 'फक्त जमिनीवरून'ची मजा. आमच्या दक्षिणेला आयस्डेन आणि बेल्जियमचं व्हिझे यांच्यामधून मास नदी वाहते. विसाव्या शतकात नदीचं पात्र सरळ केलं आणि बेल्जियमचे दोन तुकडे डच काठाला चिकटले. जायला जमिनीवरून रस्ता डच हद्दीतूनच. साहजिकच तिकडे नको ते धंदे सुरू झाले, कारण डच पोलिसांची हद्द नाही आणि बेल्जियन पोलिसांना वाट नाही. एकदा तिथे मुंडकं नसलेलं प्रेत सापडलं. बेल्जियन पोलीस, डॉक्टर, सगळा लवाजमा बोटीतून न्यावा लागला. शेवटी दोन्ही देशांनी जमीनच बदलून घेतली. १ जानेवारी २०१८पासून नेदरलँड्सला सुमारे १६ हेक्टर आलं, बेल्जियमला सुमारे ३ गेलं. भांडण नाही, मोर्चा नाही. मी मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, आमच्या बांधावर कोणी तीन हेक्टरला सोळा दिले असते तर सात पिढ्या कोर्टात गेल्या असत्या.

कृष्णाकाठचा · सोमवार, रात्री ९:१०

मासतटकर, हे वाचून बायकोला वाचून दाखवलं. जमीन आम्हीही बदलली बरं का. ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री. आपल्या १११ छिटमहाल, म्हणजे दुसऱ्या देशाच्या पोटात अडकलेल्या वाड्या, त्यांना गेल्या, त्यांच्या ५१ आपल्याला आल्या. कूचबिहारकडे. त्या वाड्यांत त्याआधी पोलीस म्हणून कोणीच जात नव्हतं. चारी बाजूंनी दुसरा देश, आपला पोलीस जाणार कुठून? बोटसुद्धा नाही. ६८ वर्षं माणसं तशी राहिली. तुमच्या त्या मुंडकं नसलेल्या प्रेताला निदान बोट मिळाली.

रेवती_सदाशिव · सोमवार, रात्री ११:३५

नमस्कार. मी इथे सहसा वाचनमात्र असते. पुण्यात एका संस्थेत काम करते, जास्त सांगत नाही. बुधवार पेठेतून आणि इतर ठिकाणांहून पोलीस ज्या मुलींना सोडवतात त्यांच्यात दर वर्षी काही बांगलादेशी असतात. तुमचा 'दिला-घेतला' कागद मी दुसऱ्या टोकाकडून पाहिला आहे, म्हणून लिहिते.

छापा पडतो, पीटा (अनैतिक देहव्यापार प्रतिबंधक) कायद्याखाली गुन्हा होतो, मुलगी आमच्याकडे निवाऱ्याला येते. अल्पवयीन असेल तर बाल कल्याण समितीपुढे. पूर्वी अशा मुलींवर परकीय नागरिक कायद्याचाही गुन्हा लागायचा, म्हणजे फसवून आणलेलीच आरोपी. मे २०१२मध्ये गृहमंत्रालयाने राज्यांना कळवलं की फसवून किंवा जबरदस्तीने आणलेल्या बाईवर तसा खटला भरू नका, परत पाठवायची व्यवस्था करा. जून २०१५मध्ये मोदी ढाक्याला गेले तेव्हा दोन्ही देशांत मानवी तस्करीवर सामंजस्य करारही झाला. कागदावर रस्ता सरळ आहे.

त्या रस्त्यावर एकच नाका आहे, त्याचं नाव 'होम व्हेरिफिकेशन'. मुलीने सांगितलेला पत्ता उच्चायोगामार्फत ढाक्याला जातो, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून ठाण्याला, ठाण्याचा माणूस घरी जाऊन बघतो की हे आई-बाप खरे का. मग तोच कागद उलट्या पावली परत. मग प्रवास परवाना, मग इकडचा निर्गमन परवाना, पोलीस बंदोबस्त, रेल्वेची तिकिटं.

एका मुलीचं सांगते. वय सतरा. सातखिराकडची. तिला गाव माहीत होतं, पण ती सांगायची ते नाव कागदोपत्री गावाचं नव्हतंच, आठवडी बाजाराचं होतं. घरी कधी पत्र आलेलं नाही, पत्ता लागतो कशाला? बापाचं नाव तिने सांगितलं ते हाक मारायचं, मतदार यादीतलं वेगळं. त्यात आमच्या बाजूच्या एका कार्यालयात कारकुनाने इंग्रजी स्पेलिंग लिहिताना एक अक्षर खाल्लं. पहिला कागद 'असा इसम आढळला नाही' म्हणून परत आला. सात महिने गेले होते. पुन्हा अर्ज. एकूण सोळा महिने. तेवढ्यात ती मराठी शिकली, आमच्या स्वयंपाकाच्या मावशींकडून पुरणपोळी शिकली, आणि वयाची अठरा पूर्ण झाली म्हणून तिची फाइल एका समितीकडून दुसरीकडे गेली, तिथे अजून एक महिना.

शेवटी आझाद हिंद एक्स्प्रेसने हावड्याला, तिथून गाडीने पेट्रापोलच्या सीमा नाक्याला. मी बरोबर होते. फाटकाशी अर्धा तास कागद जुळवणं चाललं होतं. ती मला म्हणाली, "ताई, तिकडे मला बंगाली बोलायला जमेल ना?"

काका, तुमचा धागा वाचून मला राग आला, तुमच्यावर नाही. तुमच्या त्या सुभेदाराला बाजाराचं नाव सांगितलं असतं तर त्याने दुपारपर्यंत बाप शोधून दिला असता. हो ना?

कृष्णाकाठचा · मंगळवार, पहाटे ५:५०

रेवतीताई, झोप लागली नाही.

हो. दुपारपर्यंत कशाला, चहा संपेपर्यंत. सातखिरा त्याच्या पट्ट्यात नव्हतं, पण त्याने तिकडच्या कोणाला विचारलं असतं. असं मी केलेलंही आहे. एका पोराला आम्ही पकडलं होतं, तेरा-चौदाचा, बापाशी भांडून आलेला. पोर म्हणे मामाचं दुकान आहे, टिनाचं, शेजारी मशीद. एवढ्यावर संध्याकाळी मामा खांबाशी हजर. चुकून ओलांडलेल्याला असं परत देण्याची मुभा आम्हाला आहे, आणि वरूनही तसंच सांगितलेलं असतं. पण त्या पोरावर गुन्हा नोंदलेला नव्हता. एकदा का एफआयआर झाला, माणूस कोर्टाच्या ताब्यात गेला, की आमच्या हातातून गेला. तुमची मुलगी पुण्यात, गुन्ह्यातली साक्षीदार. माझ्या सुभेदाराचा शब्द तिच्या फाइलला लागला नसता.

विधिज्ञ_नागपूर · मंगळवार, सकाळी ९:२५

काकांनी नेमकं सांगितलं. पोलिसांत याला साधी विभागणी आहे: माहिती आणि पुरावा. माहिती फोनवर मिळते, इंटरपोलच्या वाहिनीवर मिळते, चहावर मिळते. पुरावा विनंतीपत्राने येतो. आपल्या न्यायालयाकडून गृहमंत्रालय, तिथून परराष्ट्र किंवा थेट तिकडची मध्यवर्ती यंत्रणा, आणि तसाच परत. शहाणा तपास अधिकारी आधी माहिती घेतो, मग ठाऊक असलेल्या उत्तरासाठी प्रश्न पाठवतो. रेवतीताईंच्या प्रकरणात पहिली पायरीच गाळली गेली. बाजाराचं नाव कोणी आधी तोंडी पडताळून घेतलं असतं तर कागद पहिल्या फेरीत बरोबर गेला असता. हे बेकायदा नाही. फक्त ते कोणाचंच काम नसतं.

तिरकस · मंगळवार, सकाळी ९:४०

म्हणजे सोळा महिन्यांतले सात महिने एका अक्षराचे. त्या कारकुनाला 'शुद्धलेखन पोटात घाला' म्हणायची सोय नव्हती बहुतेक.

शंकासुर · मंगळवार, सकाळी ११:१०

मी काडी टाकतो, पण मुद्द्याची. सगळे 'कागद नको, चहा हवा' या सुरात वाहवत चाललेत. कागद नसला की काय होतं तेही बघा. जून २०२५ला मुंबई परिसरात पकडलेले काही बंगाली मजूर बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकलले गेले. ते निघाले मुर्शिदाबाद-बर्धमानचे, आपले नागरिक. पडताळणी होण्याआधीच रवानगी. मग घरच्यांनी, राज्य पोलिसांनी कागद दाखवले आणि माणसं परत आणली ती कशी? काकांच्याच फ्लॅग मीटिंगमधून.

म्हणजे रेवतीताईंच्या मुलीला ज्या पडताळणीने सोळा महिने अडकवलं, तीच पडताळणी गाळल्यामुळे हे लोक दुसऱ्या देशात रात्री शेतात उभे होते. एकाच महाराष्ट्रातून निघालेल्या दोन गाड्या.

रेवती_सदाशिव · मंगळवार, दुपारी २:००

शंकासुर, मान्य. मी कागदाविरुद्ध नाही, मुलीला भलत्याच 'काका'च्या हवाली केलं तर ती महिनाभरात परत याच गल्लीत येते, हे आम्ही पाहिलंय. घर बघितलंच पाहिजे. माझा राग सात महिन्यांवर आहे. खेड्यातल्या एका दारावर कडी वाजवायला सात महिने नाही लागत.

मासतटकर · मंगळवार, संध्याकाळी ७:४५

इथे त्या कडी वाजवण्याचंच काम सोपं केलंय असं मला वाटतं. माझ्या जवळच एक ठिकाण आहे, तिथे डच, बेल्जियन आणि जर्मन पोलीस एकाच कार्यालयात बसतात. जर्मन पोलिसाला डच नंबरप्लेटचा मालक हवा असेल तर तो शेजारच्या टेबलावरच्या डच पोलिसाला विचारतो. डच पोलीस आपल्या संगणकात, आपल्या कायद्यानुसार बघतो आणि सांगतो. कोणाची हद्द मोडत नाही. बेनेलक्स देशांचा (बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग) २०१८चा नवा पोलीस करार १ ऑक्टोबर २०२३ला लागू झाला, त्यात आणखी पुढे जाऊन संयुक्त गस्तीवर एकमेकांच्या नोंदी थेट पाहायची मुभाही आली आहे.

अर्थात मला याचा प्रत्यय आला तो बेल्जियममध्ये ताशी १३ किलोमीटर जास्त वेगाने गेलो तेव्हा. दंडाची चिठ्ठी माझ्या डच पत्त्यावर, नाव बिनचूक, तीन आठवड्यांत. माझं आडनाव इथल्या नगरपालिकेलासुद्धा नीट लिहिता येत नाही.

नवखी_मनीषा · मंगळवार, रात्री ८:३०

कृष्णाकाठचा काका, एक बाळबोध प्रश्न. शेजारी टेबल टाकून बसण्यासारखं तुमच्याकडे काही नव्हतं का? आणि पलीकडच्यांवर विश्वास कसा ठेवायचा, गोळीबारही होतोच ना?

कृष्णाकाठचा · मंगळवार, रात्री १०:१५

मनीषा, बाळबोध नाही प्रश्न.

टेबल टाकण्याच्या जवळ जाणारं आहे थोडं. जुलै २०११मध्ये दोन्ही दलांत समन्वयाचा आराखडा ठरला. त्यात एकाच वेळी आपापल्या बाजूने गस्त, कुठली जागा गळकी आहे ते एकमेकांना सांगणं, नावं देणं. मार्च २०१८मध्ये बनगावजवळचा ८.३ किलोमीटरचा पट्टा 'गुन्हेमुक्त' म्हणून जाहीर झाला, आपल्या दोन चौक्या, त्यांच्या दोन. कॅमेरे, दिवे, शिवाय तिथल्या लोकांना पोटापाण्याचं दुसरं काहीतरी. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.  माणसं पार करून देणारा एक दलाल पकडला तर त्याचा भाऊ दलाल होतो, कारण रात्रीच्या एका फेरीत मिळतं ते शेतात आठवडाभर मिळत नाही.

विश्वासाचं म्हणशील तर दोन्ही टोकं आहेत. एप्रिल २००१मध्ये मेघालय-आसामकडे आमचे १६ जवान गेले. जानेवारी २०११मध्ये कुंपणावर अडकलेल्या फेलानी नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला आमच्या बाजूची गोळी लागली, तो फोटो जगाने पाहिला. ऑक्टोबर २०१९मध्ये मुर्शिदाबादला पद्मेत पकडलेल्या कोळ्याला सोडवायला फ्लॅग मीटिंगला गेलेल्या बोटीवरच पलीकडून गोळी आली, आमचा हेड कॉन्स्टेबल गेला.  हे विसरून चहा प्यायचा नसतो. पण दुसऱ्या दिवशी कोणाची तरी म्हैस हरवतेच, आणि मग कोणीतरी फोन उचलावा लागतो.

एक गोष्ट वरच्यांच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे कंपनी कमांडर दोन-तीन वर्षांत बदलतो, बटालियनच उचलून पंजाबात जाते. त्यांच्याकडे अधिकारी लष्करातून प्रतिनियुक्तीवर येतात आणि परत जातात. ओळख बनते तोवर माणूस जातो. फाइलमध्ये मीटिंगचे मिनिट्स राहतात, पण कोणत्या सुभेदाराला गुळाचा चहा आवडतो हे मिनिट्समध्ये नसतं.

मासतटकर · बुधवार, दुपारी १२:३०

काका, तो तागाकडे बघणारा सुभेदार. त्याच्याशी नंतर काही संपर्क?

कृष्णाकाठचा · बुधवार, रात्री ९:५५

हे लिहावं की नाही, दोन दिवस विचार करत होतो.

फेब्रुवारी २००९. तेव्हा त्यांच्या दलाचं नाव बीडीआर, बांगलादेश रायफल्स, होतं. दर वर्षी ढाक्याला पिलखान्यात, त्यांच्या मुख्यालयात, दलाचा सप्ताह असायचा, ठिकठिकाणची माणसं जायची. आधीच्या मीटिंगला तो म्हणाला, यंदा माझा नंबर लागलाय, येताना तुमच्यासाठी बगुड्याचं दही आणतो. त्याला मी कंदी पेढे दिले होते साताऱ्याचे, त्याची परतफेड.

२५ तारखेला तिथे बंड झालं. ७४ माणसं मेली, त्यात ५७ लष्करी अधिकारी. आमच्याकडे सीमा बंद, सगळे पोझिशनवर, रात्रभर पलीकडच्या चौकीत दिवा नाही. पुढे खटले चालले, हजारोंना शिक्षा झाल्या. दलाचं नाव बदललं, गणवेश बदलला.

एप्रिलमध्ये पहिली मीटिंग झाली. टेबल तेच, पलीकडे नवा माणूस. विषय होता चोरीचं इंजिन. काम झाल्यावर मी हळूच विचारलं, आमचे सुभेदारसाहेब कुठे असतात हल्ली? त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बदली." मग मिनिट्सवर सही केली, तारीख टाकली आणि पेन मला दिलं.

नंबर डायरीत आहे अजून. निवृत्त झालो तरी तो फिरवायचा नसतो हे मला ठाऊक आहे.

रेवती_सदाशिव · बुधवार, रात्री १०:२०

काका...

नवखी_मनीषा · बुधवार, रात्री १०:४१

इंजिन मिळालं का?

कृष्णाकाठचा · बुधवार, रात्री १०:४८

मिळालं. पंप गायब होता.